वाफा जमिनीलगत की बसण्याएवढा उंच? साठी उलटलेल्यांच्या बागकामासाठी

कुदळीने फूटभर खणून, ढेकळं फोडून, मुळ्या वेचून करायचा वाफा मी या तुलनेत घेतलेलाच नाही. ठाण्यात येऊरच्या पायथ्याला किंवा घोडबंदर रोडच्या बाजूला बहुतेक ठिकाणी वीतभर खाली मुरूम आणि काळा दगड लागतो. वाशी, सानपाडा, नेरूळकडे भरावाची जमीन. तिथे मुरमाबरोबर विटांचे तुकडे आणि डेब्रिज निघतं. साठीनंतर अशा जागी टिकाव मारला तर खांदा धरतो, आणि मुरमात केलेला खड्डा जुलैत हौदासारखा भरून मुळं कुजवतो ते वेगळंच.

म्हणजे निवड उरते दोन प्रकारांत. एक, न खणता जमिनीवरच पुठ्ठा, पालापाचोळा आणि खत यांचे थर देऊन केलेला वाफा. दुसरा, ब्लॉक किंवा विटांच्या दीड फुटी कठड्यात माती भरून केलेला वाफा, ज्याच्या काठावर बसता येतं. कमरेएवढ्या उंचीचे टेबलासारखे वाफेही मिळतात. चाकाच्या खुर्चीतून काम करणाऱ्यांना ते खरंच उपयोगी. पण त्यात माती जेमतेम आठ-नऊ इंच, ती मे महिन्यात दिवसातून दोनदा पाणी मागते. पायांवर उभं राहता येत असेल तर तो विचार पुढे ढकलला तरी चालेल.

पुढचं सगळं माप ३ फूट बाय ८ फुटांच्या एका वाफ्यासाठी आहे. रुंदी तीनच फूट, कारण दोन्ही बाजूंनी हात मध्यापर्यंत न ताणता पोहोचायला हवा. भिंतीलगतचा वाफा असेल तर दोन फूट. पण इमारतीच्या जोत्याला माती टेकवू नका, ओल आत चढते आणि सोसायटीशी वाद होतो. दीड-दोन फुटांची फट ठेवा. दोन वाफ्यांमधली वाट तीन फुटांची हवी. आज दोन फूट पुरतात, पण उद्या हातात काठी किंवा वॉकर आला तर वाफा तोडता येत नाही. पहिलं ब्लॉक ठेवण्यापूर्वी ड्रेनेजचे चेंबर, पाइप गॅसची लाइन आणि विजेची केबल कुठून जाते ते सोसायटीच्या नकाशावर बघून घ्या.

थरांच्या वाफ्याचं मोठेपण हे की तो एकट्याने, अर्ध्या अर्ध्या तासाच्या हप्त्यांत होतो. गवत उपटायचं नाही, विळ्याने बुडाशी कापायचं आणि जमीन चांगली भिजवायची. त्यावर तपकिरी पुठ्ठ्याचे दोन थर द्यायचे. चिकटपट्ट्या आणि पिना काढून टाकायच्या, आणि सांधे सहा इंच एकमेकांवर चढवायचे. सांधा कमी पडला की हराळी नेमकी तिथूनच डोकं काढते. त्यावर ओला करून दाबलेला सहा इंच पाचोळा. पर्जन्यवृक्ष, बदाम, सोनमोहर यांची पानगळ फेब्रुवारी ते एप्रिल भरपूर मिळते. गच्च दाबलेल्या दहा-बारा गोण्या लागतील. वर दोन इंच कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, म्हणजे सिमेंटच्या रिकाम्या गोणीने सव्वातीन गोण्या. पालापाचोळ्यातून माती घडवण्याची ही वाट श्रीपाद दाभोलकरांच्या प्रयोग परिवारामुळे (शेती-बागेत स्वतः प्रयोग करणाऱ्यांचा गट) मराठी बागप्रेमींच्या ओळखीची आहे. उन्हाळ्यात जमिनीचा गारवा मुळांना थेट मिळतो, त्यामुळे पाणीही कमी लागतं. भाड्याच्या घरात असाल किंवा सोसायटीने उद्या जागा परत मागितली तर फावड्याने सारखं केलं की झालं. वजन उचलणं जवळजवळ नाही. कागदावर तरी म्हाताऱ्या हातांसाठी हाच वाफा योग्य वाटतो.

बिघडतं कुठे ते सांगतो. लव्हाळा पुठ्ठ्याला जुमानत नाही. त्याच्या गाठी खालून सुईसारखा कोंब वर काढतात. त्या जागी आधी दोन-तीन महिने कोंब दिसला की खुडत राहावं लागतं. कोरड्या पुठ्ठ्याला वाळवी लागते, म्हणून लाकडी दाराच्या चौकटीजवळ हा वाफा नको. पावसाळ्यात मोठ्या गोगलगायी पुठ्ठ्याखाली दिवस काढतात आणि रात्री रोपं साफ करतात. ओलं गोणपाट शेजारी अंथरून ठेवलं तर सकाळी त्याखाली सापडतात, तिथूनच वेचायच्या. खाडीजवळच्या जागेत एप्रिल-मेमध्ये जमिनीवर पांढरा थर दिसत असेल तर क्षार वर येत आहेत हे समजा. तिथे थरांच्या वाफ्यातली भाजी दुसऱ्या उन्हाळ्यातच पिवळी पडते.

तरीही यातल्या प्रत्येक गोष्टीवर उपाय आहे, आणि माझा कल यातल्या कशानेच बदलला नाही. तो बदलला उठण्याने.

बागकाम आणि वय म्हटलं की सगळे वाकण्याबद्दल बोलतात. वाकणं त्रासाचं आहेच, पण खाली बसून ते टाळता येतं. बसल्यावर उठायचं कसं, हा प्रश्न कुणी आधी सांगत नाही. वांग्याची बारा रोपं लावायची तर आठ फुटांच्या वाफ्यात निदान चार वेळा जागा बदलावी लागते, म्हणजे चार वेळा बसा आणि चार वेळा उठा. थरांच्या वाफ्याची कड मऊ असते. तिच्यावर हात टेकला की तळवा पाचोळ्यात मनगटापर्यंत रुततो. दुसऱ्या हातात खुरपं, दोन्ही हात चिखलाचे, आणि जोर द्यायला आजूबाजूला काहीच नाही. जुलैत पेव्हर ब्लॉकवर शेवाळ धरलेलं असतं, पाऊल सरकतं. गुडघ्याखाली घ्यायची रबरी गादी बसताना मदत करते, उठताना नाही. उलटी केली की दोन्ही बाजूंनी मुठी येणारी लोखंडी घडीची बैठक बरी, पण मऊ मातीत तिचे पाय रुततात आणि दर वेळी ती उचलून पुढे न्यावी लागते. असं झालं की आपण तण काढायला आज जाऊ, उद्या जाऊ करतो, आणि पावसाळ्यात आठ दिवसांची चालढकल म्हणजे वाफा हातातून गेला.

तुमची गोष्ट वेगळी असू शकते, म्हणून एक सोपी परीक्षा घरीच करून बघा. जमिनीवर स्वयंपाकघरातला पाट ठेवा, त्यावर बसा आणि हात न टेकता उठा, असं पाच वेळा. मग दीड फूट उंचीच्या स्टुलावरून तेच पाच वेळा. जवळ कुणीतरी असू द्या. पाटावरून पाचही वेळा नीट उठलात तर थरांचा वाफा तुम्हाला अजून बरीच वर्षं साथ देईल, आणि खर्चही वाचेल. तिसऱ्या वेळी हात टेकायला काही शोधलंत तर पुढचं लक्ष देऊन वाचा.

बसण्याएवढ्या वाफ्याचं बांधकाम गवंडी आणि बिगारी मिळून एका दिवसात उरकतात. सहा इंच खोल चर, त्यात सोलिंग (दगडांचा थर) आणि तीन इंच काँक्रीट. त्यावर १६ इंच लांब, ८ इंच उंच, ६ इंच रुंद सिमेंटच्या ब्लॉकचे दोन थर. ३७-३८ ब्लॉक लागतात. भरीव ब्लॉक पंचवीस किलोच्या आसपास भरतो, तो तुम्ही उचलायचा नाही. खालच्या थरात एकाआड एक उभा सांधा मसाल्याशिवाय कोरडा सोडायला सांगा. गवंडी सवयीने सगळे सांधे भरतात, आणि मग अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पडणाऱ्या आपल्या पावसात वाफ्याची टाकी होते. तळाला काँक्रीट अजिबात नको. तळाची जमीन नुसती टोकरून घ्या आणि तिच्यावर अर्ध्या इंचाची गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश जाळी अंथरा. भुसभुशीत माती मिळाली की घूस खालून शिरते. ही जाळी मागाहून घालता येत नाही.

आता काठ. या वाफ्याचा सगळा अर्थ काठात आहे, आणि नेमका तोच बहुतेक ठिकाणी चुकतो. सहा इंचांच्या भिंतीवर नुसतं प्लास्टर केलं तर तिथे पाच मिनिटंही बसवत नाही. वर १२ इंच रुंद, सव्वा इंच जाडीची शहाबादी फरशी मसाल्यात पक्की बसवून घ्या, आत तीन आणि बाहेर तीन इंच पुढे आलेली. बाहेरचे तीन इंच शोभेसाठी नाहीत. माणूस उठतो तेव्हा आधी टाचा मागे, बैठकीखाली घेतो. भिंत सरळ असेल तर टाच भिंतीला अडते आणि सगळा भार गुडघ्यांवर येतो. फरशी बाहेर आलेली असली की टाचेला जागा मिळते आणि तळवे काठावर दाबून सहज उभं राहता येतं. कड ग्राइंडरने गोल करून घ्या, नाहीतर मांडीला रुतते. काळा कडप्पा दिसायला छान, पण मे महिन्यात सकाळी दहानंतर त्यावर हात ठेववत नाही, आणि पॉलिश केलेला असेल तर पावसात निसरडा. बाहेरच्या जमिनीपासून फरशीच्या वरपर्यंतची उंची १७-१८ इंच यायला हवी. तुमच्या रोजच्या खुर्चीची उंची मोजा आणि तेवढीच ठेवा.

भरण्याचं गणित मात्र जड आहे. २४ चौरस फूट गुणिले दीड फूट म्हणजे ३६ घनफूट, एक तृतीयांश ब्रासहून (ब्रास म्हणजे शंभर घनफूट) थोडं जास्त. सिमेंटच्या गोणीत सव्वा घनफूट माती मावते आणि ती गोणी पन्नास किलोच्या घरात जाते. अर्ध्या भरल्या तरी पन्नास-साठ खेपा. हे काम पैसे देऊन करून घ्यायचं, यात संकोच नको. खालचे सहा इंच सुक्या फांद्या, नारळाची सोडणं आणि रसवंतीवरचं उसाचं चिपाड घातलं तर मातीचा तिसरा हिस्सा वाचतो. ताजं चिपाड वरच्या थरात येऊ देऊ नका, ते कुजताना नत्र ओढून घेतं आणि रोपं पिवळी राहतात. वरच्या फूटभरात दोन भाग लाल माती, एक भाग शेणखत, एक भाग भाताचा तूस, आणि अर्धा किलो निंबोळी पेंड. कुंड्यांसाठी ठीक असलेलं कोकोपीट इथे भरपूर घातलं तर जुलैत माती चिकट गारठलेली राहते. नुसती लाल माती भरली तर ऑक्टोबरच्या उन्हात तिची वीट होते.

आणि हा वाफा खचतो. पहिल्या पावसाळ्यानंतर चार इंच तरी खाली बसतो, म्हणजे पुन्हा आठ घनफूट, सहा-सात गोण्या. ज्यांना दर दसऱ्याला माणूस मिळवणं शक्य नाही त्यांनी हा मुद्दा गंभीरपणे घ्यावा. गोण्या वाहण्यापेक्षा मला दुसरा मार्ग बरा वाटतो. जूनच्या पहिल्या सरींनंतर वाफ्यात हिरवळीचं खत म्हणून मूठभर ताग पेरायचा, ४५ ते ५० दिवसांनी फुलावर येताना काठावर बसूनच विळ्याने कापायचा आणि तिथेच पसरायचा. वर पाचोळ्याच्या दोन-तीन गोण्या. त्या हलक्या असतात. जुलै-ऑगस्टची भाजी जाते, पण त्या दिवसांत शेवाळावरून आणि साचलेल्या पाण्यातून फिरणं टळतं. घुशी-उंदीर असलेल्या जागी पावसाळ्यात लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस) तापाची भीती असते. मधुमेहामुळे पायाची संवेदना कमी झाली असेल तर चीर पडलेली कळतही नाही. गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय मातीत जाऊ नये, वाफा कुठलाही असो.

काठावर बसण्यातही एक खोट आहे. पाय बाहेर आणि हात आत, म्हणजे कंबर पिळली जाते. समोर पाय सोडून मागे वळू नका. काठाच्या दिशेने आडवं बसून एक कूस वाफ्याकडे करा आणि दहा मिनिटांनी बाजू बदला. मणक्याचा त्रास असलेल्यांनी हे बांधकामाआधी एखाद्या पाराच्या किंवा कट्ट्याच्या काठावर बसून आजमावून बघावं.

पाण्याच्या बाबतीत दोघांत मोठा फरक नाही. दहा लिटरची झारी म्हणजे दहा किलो, ती दोघांनाही वर्ज्य. इनलाइन ठिबकच्या (नळीतच छिद्रं असलेल्या) तीन ओळी, फुटाफुटावर ताशी दोन लिटरचं छिद्र. अर्ध्या तासात पंचवीस लिटर पडतं. बांधलेल्या वाफ्याला मार्चपासून हे रोज लागतं, थरांच्या वाफ्याला एक दिवसाआड पुरतं.

वेळापत्रक असं ठेवता येईल: बांधकाम डिसेंबर-जानेवारीत, भरणं मार्चअखेर, ताग जूनमध्ये, भाजी दसऱ्यानंतर. वर्षाला एकच वाफा, त्याहून जास्त नको. जागा दोन वाफ्यांची असेल तर दुसरा थरांचा करायला माझी हरकत नाही, फक्त त्यात रोज हात लावावा लागणारं काही लावू नका. मेथी, पालक, मिरची, टोमॅटो, वांगी काठाजवळ हवीत. हळद, अळू, सुरण, कढीपत्ता जमिनीलगत राहू देत. हळद एकदा पावसाच्या तोंडावर लावली की फेब्रुवारीत गड्डे काढेपर्यंत तिच्यापाशी फारसं बसावं लागत नाही, आणि काढायला माळ्याला एक सकाळ पुरते.