सेबेगो तलाव: एप्रिल ते ऑक्टोबर, सात महिन्यांचा अनुभव

अमेरिकेतल्या मेन राज्यात, पोर्टलंडला राहायला आलो त्या आठवड्यात शेजारचे आजोबा म्हणाले, "तुमच्या नळाला येतं ते सेबेगोचं पाणी." तेव्हा ऐकून सोडून दिलं. आता सात महिने त्याच तलावात गळ टाकून, पोहून आणि काठावर तंबूत झोपून झालंय, आणि त्याच्याबद्दल सांगायचं तर त्या नळापासूनच सुरुवात करावीशी वाटते. १८६९ पासून शहर हे पाणी पितंय. ते इतकं निर्मळ आहे की न गाळता, फक्त निर्जंतुक करून पुरवायची परवानगी आहे. खोली ३१६ फूट, इतकी की तळ समुद्रसपाटीच्याही खाली जातो. खाली कायम गार पाणी, आणि म्हणूनच इथे सॅल्मन मासा आहे.

हा अटलांटिक सॅल्मनच, पण समुद्रात न जाता गोड्या पाण्यातच आयुष्य काढणारा. शास्त्रीय नावातही 'सेबेगो' आहे. (आपल्या रावसाला इंग्रजीत 'इंडियन सॅल्मन' म्हणतात, पण त्याचं या माशाशी काही नातं नाही.) १९०७ साली इथे मिळालेला साडेबावीस पौंडांचा सॅल्मन हा राज्याचा विक्रम आहे. तसलं काही मनात धरून जाऊ नका. आम्हाला मिळाले ते दोन-तीन पौंडांचे, आणि तेही भरपूर थांबून.

जायचं असेल तर बर्फ वितळल्या वितळल्या जा. एप्रिलच्या शेवटी स्मेल्ट नावाची चिमुकली चंदेरी मासळी अंडी घालायला नद्यांच्या मुखाशी गोळा होते आणि सॅल्मन तिच्या मागे अगदी वर येतो. साँगो नदीच्या मुखाजवळ आम्ही पहाटे होडी अगदी हळू चालवत, मागे स्मेल्टसारखं दिसणारं, गळाला बांधलेलं पिसांचं आमिष ओढत फिरायचो. चार खेपा रिकाम्या गेल्या. पाचव्या वेळी दोरा ताणला गेला आणि मासा पाण्याबाहेर उसळला, एकदा नाही, चार वेळा. हात थंडीने बधिर झाले होते, तरी रीळ सोडवेना.

जुलैमध्ये सगळं बदलतं. वरचं पाणी कोमट झालं की सॅल्मन साठ-सत्तर फुटांवर उतरतो, आणि वजन लावून दोरा तेवढा खाली नेणारं यंत्र नसेल तर दिवस फुकट जातो. आम्ही भाड्याने घेतलेल्या होडीवर ते यंत्र आहे असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात ते मोडलेलं निघालं. पैसे परत मिळाले नाहीत. काठ सोडण्याआधी सगळं चालवून बघा. वाऱ्याचा अंदाजही बघा. तलावाचा मधला मोठा, उघडा भाग वायव्येचा वारा सुटला की तासाभरात खवळतो. आम्ही एकदा मुलीला घेऊन त्यात सापडलो होतो, ती भीती अजून जात नाही.

मासेमारी नको असेल त्यांच्यासाठी उन्हाळा उत्तम. उत्तर टोकाच्या स्टेट पार्कचा वाळूचा किनारा लहान मुलांना फार सोयीचा आहे. साँगो नदीवरचं १८३० चं जलद्वार जरूर बघा. होडी आत घेतात, माणसं लाकडी दांडे ढकलून दारं बंद करतात, आणि पाणी भरत होडी वर उचलली जाते. मुलीने ते तीनदा बघितलं. रात्री लून नावाच्या पाणपक्ष्यांची लांबलचक हाक येते. या पक्ष्यांसाठीच इथे गळाला लावायच्या शिशाच्या लहान वजनांवर बंदी आहे, कारण ती गिळून ते मरतात. गावाकडून आणलेली शिशाची वजनं मी टाकून दिली.

दक्षिणेकडे शहरासाठी पाणी उचलतात, त्या जागेपासून दोन मैलांच्या आत अंग बुडवायचं नाही, आणि ३,००० फुटांच्या आत होडीही न्यायची नाही. कोणी कुरकुर करतं तेव्हा मला राग येतो. संध्याकाळी तेच पाणी आपण वरणात घालतो.

खाण्याचं सांगतो. इथल्या सॅल्मनचं मांस दुकानातल्या सॅल्मनसारखं गडद नारिंगी नसतं, चरबीही कमी. आगळ, हळद, तिखट लावून, रव्यात घोळवून तव्यावर मंद आचेवर भाजलं तर फार गोड लागतं. नारळाच्या कालवणात मात्र तुकडे सुटतात. माशात साठणाऱ्या पाऱ्यामुळे राज्याचा सल्ला असा की गरोदर बायका आणि आठ वर्षांखालच्या मुलांनी हा मासा महिन्यातून एकदाच खावा, बाकीच्यांनी आठवड्यातून एकदा. आम्ही बहुतेक सॅल्मन परत सोडले आणि कालवणाला लेक ट्राउट नावाचा दुसरा मासा आणला. तो १९७२ मध्ये इथे बाहेरून आणून सोडला गेला आणि सॅल्मनच्या वाट्याची स्मेल्ट खातो, त्यामुळे त्याला घरी नेण्यात काही वाईट वाटत नाही.

ऑक्टोबरमध्ये गळ घरी ठेवून क्रुकेड नदीवर गेलो. तलावातले सॅल्मन अंडी घालायला तिथे चढतात. गुडघाभर पाण्यात एक मादी शेपटीने खडी उडवत खळगा करत होती. आम्ही तासभर काठावर बसून होतो, मुलगीसुद्धा एक शब्द बोलली नाही.