आकाशाला सवड देणारा कागद

नऊ वर्षांची होते तेव्हापासून जलरंगात झाडं आणि ढग रंगवतेय, आता एकसष्टची आहे. त्यातली निम्म्याहून जास्त वर्षं मी एकच गोष्ट धरून बसले होते, की आकाश आपल्या हाताला जमत नाही. निळ्याचा वॉश, म्हणजे पाणीदार रंगाचा सलग थर, अर्ध्या कागदापर्यंत येतो न येतो तोच वरची कड वाळायची. तिथे पुन्हा पाणी पोचलं की फ्लॉवरच्या गड्ड्यासारखा डाग उमटायचा. मी कुंचले बदलले, निळे बदलले, बोर्ड कलता धरायला शिकले. कागद तेवढा तोच राहिला, लाकडाच्या लगद्याचा. लहानपणची जी चित्रं जपून ठेवली होती, तीही त्या कागदासोबत पिवळी पडत गेली.

मग आर्शचा कागद हाती आला. (आपल्याकडे बरेच जण आर्चेस म्हणतात.) ३०० जीएसएम (म्हणजे चौरस मीटरला ३०० ग्रॅम वजनाचा), कोल्ड प्रेस्ड (किंचित खरखरीत), ५६ × ७६ सेंमीचा ताव. फ्रान्समधल्या व्होज भागातल्या या कागदगिरणीचा इतिहास थेट १४९२ पासूनचा. कागद पूर्ण कापसाचा, आणि त्याला दिलेली जिलेटीनची खळ नुसती वरवर नाही, आतपर्यंत मुरलेली. सगळी करामत या खळीची. पाणी लगेच आत खेचलं जात नाही, रंग पृष्ठभागावर तरंगत राहतो, आणि ओल बराच वेळ टिकते. पहिल्यांदा पूर्ण ताव भिजवून अल्ट्रामरीन निळा सोडला आणि कुंचला हातात धरून नुसती बघत राहिले. रंग अजून सरकत होता! ढगाची खालची कड मऊ करायला मी पुन्हा तिथे जाऊ शकले, आणि डाग पडला नाही. इतकी वर्षं हाताला दिलेला दोष त्या दिवशी मी मागे घेतला.

अल्ट्रामरीन आणि तांबूस तपकिरी बर्न्ट सिएना ओल्यातच एकत्र येऊ द्या. अल्ट्रामरीनचे कण कागदाच्या खळग्यांत उतरतात आणि पावसाआधीच्या ढगाचा तो रवाळ करडा आपोआप येतो. खोडांसाठी उलट करायचं. कुंचला जवळजवळ कोरडा घ्यायचा, आडवा धरायचा आणि झर्रकन ओढायचा. रंग फक्त दाण्यांच्या टोकांना लागतो आणि साल तयार होते. वाळल्यावर ब्लेडच्या टोकाने खरवडून गवताची उजळ पाती काढली, तरी कागद सोलला गेला नाही.

आता काही गोष्टी आधीच माहीत असलेल्या बऱ्या. भिजल्यावर जिलेटीनचा वास येतो, ओल्या लोकरीसारखा. मला तो आता आवडतो, काम सुरू झाल्याचा वास आहे तो. ३०० जीएसएमचा कुठलाही कागद भरपूर पाण्यात लाटा धरतोच, त्यामुळे मोठा वॉश असेल तर आधी भिजवून, गमटेपने (ओली करून चिकटवायची कागदी पट्टी) बोर्डावर ताणून घ्या. चारी कडा चिकटवलेल्या पानांचा गठ्ठा, म्हणजे ब्लॉक, घेतला तर ताणायची कटकट नाही, पण चित्र पूर्ण वाळण्याआधी पान सुटं करू नका. आणि थॅलो निळ्यासारखे कागदावर डाग धरणारे रंग नंतर ओल्या कुंचल्याने उचलता येतील या भरवशावर राहू नका. ढगासाठी कागदाचा पांढरा आधीच राखून ठेवा.

नव्याने शिकणाऱ्यांनी सुरुवातीला हा कागद वापरू नये, असं बरेच शिक्षक सांगतात. मला हे अजिबात पटत नाही. जो कागद ओल धरत नाही, त्यावर ओल्यातलं काम शिकणार कसं? एकच ताव घ्या, त्याचे २८ × १९ सेंमीचे आठ तुकडे करा. एक फसला तर वाळू द्या आणि उलटा करा, मागच्या बाजूलाही तीच खळ आहे. एका तावात सोळा आकाशं होतात.