नेपल्समध्ये स्वस्तातला मुक्काम: खोलीआधी इमारत पाहावी

दक्षिण इटलीतल्या नेपल्स शहरात कमी खर्चात, स्वच्छ आणि निर्धास्तपणे राहता येते. मात्र हॉटेल निवडताना खोलीच्या छायाचित्रांपेक्षा ते हॉटेल ज्या इमारतीत आहे तिची चौकशी अधिक बारकाईने करावी लागते. रोमहून जलद रेल्वेने सुमारे सव्वा तासात येथे पोहोचता येते, आणि पॉम्पेई, सोरेंतो व काप्री पाहण्यासाठी तळ म्हणून हे शहर सोरेंतोपेक्षा बरेच स्वस्त पडते. पत्नी आणि सासूबाई यांच्यासह आम्ही ऑक्टोबरात येथे राहिलो. आमचे हॉटेल दोन ताऱ्यांचे (टू-स्टार), एका कुटुंबाने चालवलेले आणि व्हिया तोलेदो या मुख्य रस्त्यालगतच्या एका जुन्या इमारतीत चौथ्या मजल्यावर होते. त्याविषयी माझे मत चांगलेच आहे. तरीही अशी छोटी हॉटेले या शहरात गल्लोगल्ली आहेत आणि त्यांचे गुणदोष बरेचसे सारखे आहेत, म्हणून एकाच हॉटेलचे नाव सुचवण्याऐवजी कोणत्याही हॉटेलला लावता येईल अशी पारख येथे देत आहे.

जुन्या नेपल्समधील बहुतेक स्वस्त हॉटेले स्वतंत्र इमारतीत नसतात. एखाद्या भल्यामोठ्या वाड्यासारख्या इमारतीचा एक मजला, कधी कधी अर्धाच मजला, हॉटेलकडे असतो आणि बाकीच्या मजल्यांवर रहिवासी, वकिलांची कार्यालये किंवा दवाखाने असतात. रस्त्यावर लाकडी महाद्वार, आत फरसबंद चौक आणि चौकातून वर जाणारा दगडी जिना, अशी साधारण रचना असते. महाद्वार रात्री बंद होते आणि तेथे हॉटेलची ठसठशीत पाटी असेलच असे नाही. घंटीच्या बटणांच्या रांगेत हॉटेलचे नाव शोधावे लागते. म्हणून रात्री उशिरा पोहोचणार असाल तर स्वागतकक्ष किती वाजेपर्यंत उघडा असतो आणि नंतर दार कोण उघडेल, हे आधी लेखी विचारून ठेवावे. मजल्यांची मोजणी आपल्यासारखीच तळमजल्यानंतर पहिला मजला अशी असते, परंतु या इमारतींची छते इतकी उंच आहेत की तेथला चौथा मजला चढून जाणे आपल्याकडच्या सहाव्या-सातव्या मजल्याइतके दमवते.

त्यामुळे लिफ्टची चौकशी सर्वांत महत्त्वाची. ‘लिफ्ट आहे’ एवढे उत्तर पुरत नाही; ती कोणत्या मजल्यापासून सुरू होते, तिच्यात मोठी बॅग आणि माणूस एकत्र मावतात का, आणि तिला नाणे लागते का, हे तिन्ही प्रश्न विचारावेत. नेपल्समधील अनेक जुन्या इमारतींत लिफ्टला नाण्याची पेटी जोडलेली असते आणि दहा सेंटसारखे लहान नाणे टाकल्याशिवाय ती हलत नाही. आमच्या इमारतीत बटणांशेजारी अशीच पितळी फट असलेली पेटी होती. हॉटेलने पाहुण्यांना पेटीची चावी दिली, पण ती वर गेल्यावर. पहिल्या खेपेला नाणे आपल्याच खिशात असावे लागते, हे येथे आवर्जून नोंदवतो. लिफ्टची आतली दोन लाकडी दारे हाताने ओढून घट्ट मिटावी लागत. त्यांतले एक जरी किंचित उघडे राहिले तरी लिफ्ट त्याच मजल्यावर अडून बसे आणि खालून रहिवाशांच्या हाका सुरू होत. सासूबाईंना गुडघ्यांमुळे जिना जमत नाही. लिफ्ट नसती तर स्वच्छ खोली, सौजन्यशील मालक आणि बाल्कनीतून दिसणारा रस्ता यांचा त्यांना काहीही उपयोग झाला नसता. ज्येष्ठांना सोबत नेणाऱ्यांनी ही गोष्ट किमतीच्याही आधी पाहावी, असे माझे ठाम मत आहे.

भाग कोणता निवडावा, याचे उत्तर मुक्कामाच्या हेतूवर ठरते. मुख्य रेल्वेस्थानकासमोरच्या पियात्सा गारिबाल्दीच्या आसपास सर्वांत स्वस्त खोल्या मिळतात आणि पहाटेची गाडी किंवा विमान गाठायचे असेल तर तो भाग सोयीचा आहे. मात्र संध्याकाळनंतर तेथील मागच्या गल्ल्या अनोळखी माणसाला अस्वस्थ करतात, म्हणून मुख्य चौकाला लागून असलेलेच हॉटेल घ्यावे. ‘क्वार्तिएरी स्पान्योली’ हा व्हिया तोलेदोच्या पश्चिमेचा चढावाचा भाग सोळाव्या शतकात, स्पॅनिश अमलात, सैनिकांच्या वस्तीसाठी आखला गेला. त्याच्या अरुंद, काटकोनी गल्ल्यांतून आजही तळमजल्यावरच्या एकखणी घरांची दारे थेट रस्त्यावर उघडतात. आता तेथे खाणावळी आणि छोटी हॉटेले यांची दाटी झाली आहे. माराडोनाचे प्रसिद्ध भित्तिचित्र याच भागात असून त्याच्याभोवती दिवसभर गर्दी असते. त्या चौकाला लागून असलेली खोली मी घेणार नाही. १९९५ पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत असलेले जुने शहर, म्हणजे स्पाक्कानापोली आणि व्हिया देई त्रिबुनाली यांचा परिसर, पायी फिरणाऱ्यांसाठी सर्वोत्तम आहे; पण नोव्हेंबर-डिसेंबरात येशूजन्माच्या देखाव्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या सान ग्रेगोरिओ आर्मेनो गल्लीत इतकी झुंबड उडते की त्या दिवसांत तेथे सामान घेऊन चालणेही कठीण होते. शांतता हवी असेल तर टेकडीवरचे व्होमेरो पाहावे. भाव थोडा चढा, पण रस्ते रुंद आहेत, आणि फ्युनिक्युलर रेल्वेने (दोरखंडाने ओढल्या जाणाऱ्या चढावाच्या गाडीने) किंवा मेट्रोच्या पहिल्या मार्गिकेने खाली येता येते.

शांततेचा प्रश्न जुन्या शहरात खरोखर गंभीर आहे. गल्ल्या इतक्या अरुंद आहेत की रात्री बाराला गेलेली एक स्कूटरही चौथ्या मजल्यावर खोलीत शिरल्यासारखी ऐकू येते, आणि शुक्रवार-शनिवारी खालच्या खाणावळींतील गप्पा मध्यरात्रीनंतरही चालूच असतात. छायाचित्रात रस्त्याकडची बाल्कनी मोहक दिसते, परंतु झोप ज्यांना प्रिय आहे त्यांनी आतल्या चौकाकडची खोली मागावी. ती थोडी अंधारी असते, पण शांत असते आणि बहुधा स्वस्तही. ‘मात्रिमोनियाले’ म्हटले की एकच मोठा पलंग मिळतो; दोन मैत्रिणी किंवा वडील-मुलगा असे एकत्र राहणार असतील तर दोन स्वतंत्र पलंग हवेत, असे आरक्षणातच नमूद करावे. तिघांच्या खोलीत तिसरा पलंग पुष्कळदा घडीचा असतो, म्हणून तोही विचारून घ्यावा.

आता हिशोब. संकेतस्थळावर दिसणाऱ्या भाड्यात शहराचा पर्यटक कर बहुधा धरलेला नसतो. तो दरडोई, दर रात्रीप्रमाणे हॉटेलातच भरावा लागतो आणि छोटी हॉटेले तो रोखीने मागतात. त्याची पावती मिळते आणि ती घ्यावी. पोहोचताच प्रत्येकाचे पारपत्र मागितले जाते, त्यामुळे संकोचू नये: पाहुण्यांची नोंद पोलिसांच्या प्रणालीत २४ तासांच्या आत करणे इटलीत प्रत्येक निवासव्यवस्थेला बंधनकारक आहे. नोंद झाल्यावर मात्र पारपत्र लगेच परत घ्यावे. २०२५ पासून पर्यटकांना भाड्याने दिल्या जाणाऱ्या जागांना राष्ट्रीय ओळख क्रमांकही सक्तीचा झाला असून तो जाहिरातीत आणि इमारतीबाहेर लावावा लागतो. जाहिरातीत हा क्रमांकच नसेल, तर भाव कितीही आकर्षक असला तरी ती जागा मी सोडून देईन. शेंगेन व्हिसासाठी आपल्याला निवासाचा पुरावा जोडावा लागतो; तेव्हा व्हिसा हाती येईपर्यंत विनाशुल्क रद्द करता येणारे आरक्षणच करावे, जरी रद्द केल्यास पैसे परत न मिळणारा दर काही युरोंनी कमी दिसत असला तरी.

न्याहारी भाड्यात धरली असेल तर तिच्याकडून फार अपेक्षा ठेवू नये. लहान हॉटेलांत स्वयंपाकघर नसते. वेष्टनातले क्रॉसाँ, बिस्किटे, रस आणि यंत्रातली कॉफी एवढेच मिळते, किंवा खालच्या बारमध्ये, म्हणजे कॉफीच्या दुकानात, दाखवायचे कूपन देतात. कूपनच अधिक चांगले. नेपल्सची कॉफी काउंटरपाशी उभे राहून प्यायची असते, ती स्वस्त आणि उत्कृष्ट असते. टेबलापाशी बसलो की दर वाढतो. खोलीत पाणी तापवण्याची किटली मात्र क्वचितच असते. सकाळचा चहा ज्यांना हवाच असतो त्यांनी छोटी प्रवासी किटली सोबत न्यावी, पण खोलीत ती वापरण्याची परवानगी आहे का, हे विचारून घ्यावे. वीजपुरवठा आपल्यासारखाच २३० व्होल्टचा आहे. मोबाइलचे दोन पिनांचे बारीक चार्जर थेट बसतात, तीन गोल पिनांचा आपला प्लग मात्र बसत नाही.

स्नानगृहाबाबत भारतीय प्रवाशांना एक दिलासा आहे. १९७५ च्या एका सरकारी आदेशानुसार इटलीत प्रत्येक घरातल्या किमान एका स्नानगृहात बिदे, म्हणजे शौचानंतर पाण्याने धुण्यासाठीचे बसके भांडे, असणे आवश्यक ठरले, आणि स्वस्त हॉटेलांतही तो जवळजवळ नेहमी असतो. पाण्याची सवय असलेल्या आपल्या मंडळींची परदेशातली एक मोठी अडचण त्यामुळे आपोआप सुटते. शॉवरशेजारी लोंबणारी दोरी कपडे वाळत घालण्यासाठी नसते: ती ओढल्यास स्वागतकक्षात धोक्याची घंटा वाजते, आणि वयस्कर माणसाला ती कशासाठी आहे हे पहिल्याच दिवशी दाखवून ठेवावे. शॉवरची जागा इतकी चिंचोळी असते की वळताना कोपर काचेला लागते. पाणी गरम येण्यास आमच्या खोलीत थोडा वेळ लागे, परंतु दाब चांगला होता. थंडीच्या दिवसांत जाणाऱ्यांनी हेही ध्यानात ठेवावे की नेपल्समध्ये केंद्रीय तापनव्यवस्था नियमानुसार साधारणपणे १५ नोव्हेंबर ते ३१ मार्च याच काळात आणि दिवसाला दहा तासच चालते. एप्रिलच्या आरंभी दगडी भिंतींची खोली गार पडते. खोलीतल्या वातानुकूलन यंत्रातून गरम हवा मिळते का, हे विचारावे आणि एक जास्तीचे पांघरूण मागून घ्यावे.

शाकाहारींना नेपल्समध्ये उपाशी राहावे लागत नाही, पण सावध राहावे लागते. मारिनारा पिझ्झावर टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढेच असते, चीज नसते. मार्गेरितावर मोझरेला आणि तुळस असते. मात्र किसून घातल्या जाणाऱ्या कडक चीजमध्ये परंपरेने दूध घट्ट करण्यासाठी वासराच्या जठरातले रेनेट वापरतात, हे ज्यांना वर्ज्य आहे त्यांनी मारिनाराच घ्यावा. खरा धोका दिसायला निरुपद्रवी असलेल्या पदार्थांत आहे. मिरे घातलेले खुसखुशीत ताराल्ली आपल्या खारीसारखे वाटतात, पण ते पारंपरिक पद्धतीने डुकराच्या चरबीत मळलेले असतात; थरांच्या स्फोल्यातेल्लेच्या पिठातही तीच चरबी असते; बटाटा-पास्त्यातही पुष्कळदा मांसाचे तुकडे असतात. ‘सेंत्सा कार्ने, सेंत्सा स्त्रुत्तो’, म्हणजे मांस नको, चरबी नको, एवढे सांगितले की दुकानदार मनापासून समजावून सांगतात. खाणावळीत बिलात दरडोई ‘कोपेर्तो’ आकारतात. ती फसवणूक नाही, मेजवरच्या जागेचे शुल्क आहे. नेपल्समध्ये श्रीलंकेतील लोकांची मोठी वस्ती असल्यामुळे त्यांच्या किराणा दुकानांत तांदूळ, डाळ, मिरच्या आणि मसाले मिळतात; स्वयंपाकघर असलेली जागा घेतलेल्यांना याचा फार उपयोग होतो. नळाचे पाणी पिण्यायोग्य आहे, बाटल्यांवर खर्च करू नये.

येण्या-जाण्याचा खर्च हॉटेलच्या भाड्याइतकाच विचारात घ्यावा, कारण लांबचे स्वस्त हॉटेल रोजच्या प्रवासात महाग पडते. विमानतळावरून अलिबस ही बस थेट मुख्य स्थानकाकडे आणि पुढे बंदराकडे जाते, तिचे तिकीट पाच युरो आहे. टॅक्सीला ठरावीक मार्गांसाठी पूर्वनिश्चित दर असतात, पण तो दर गाडी सुटण्यापूर्वी मागावा लागतो; मीटर सुरू झाल्यावर मागून उपयोग नाही. पॉम्पेईसाठी मुख्य स्थानकाखालच्या गारिबाल्दी थांब्यावरून जाणाऱ्या चिर्कुमव्हेझुव्हियाना या स्थानिक गाडीने ‘पॉम्पेई स्काव्ही–व्हिला देई मिस्तेरी’ येथे उतरावे. ही गाडी गारिबाल्दीच्या आधीच्या पोर्ता नोलाना स्थानकातून निघते. गारिबाल्दीला येईपर्यंत ती भरून जाते, तेव्हा दहा मिनिटे चालून पोर्ता नोलानालाच चढावे, म्हणजे सासूबाईंसारख्यांना बसायला जागा मिळते. गर्दीत पाकीट आणि मोबाइल पुढच्या बाजूला ठेवावेत.

शेवटच्या दिवशी खोली सकाळी दहा-अकराला सोडावी लागते आणि विमान संध्याकाळचे असले तर सामानाचा प्रश्न उरतो. बहुतेक हॉटेले बॅगा विनाशुल्क ठेवून घेतात, परंतु छोट्या हॉटेलात दुपारी स्वागतकक्षात कोणी नसण्याची शक्यता असते. परत कधी येणार हे आदल्या रात्रीच सांगून ठरवून घ्यावे, अन्यथा मुख्य स्थानकातील सामानघर पैसे देऊन वापरता येते. आमच्या मालकीणबाई दुपारी चारला ठरल्याप्रमाणे दार उघडून उभ्या होत्या, आणि लिफ्टसाठी लागणारी नाणी त्यांनी आमच्या हातात आधीच ठेवली.