बाग मिळाली, झाडांची यादी नाही: झाड ओळखणारी अ‍ॅप वापरून पाहिल्यावर

झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपची परीक्षा मी एकाच गोष्टीवर घेते: माहीत नसेल तेव्हा ते काय करतं? गुलाब दाखवला की गुलाब सगळीच म्हणतात. गुलाब मलाही कळतो, त्यासाठी फोन कशाला? आम्ही घेतलेल्या जुन्या घरामागे जी बाग आली, तिच्यात मात्र मला कळणारी झाडं मोजकीच निघाली. आधीच्या मालकांनी हौसेनं लावलेलं, नंतर आपोआप उगवलेलं आणि पाखरांनी टाकलेलं, सगळं एकमेकांत घुसलेलं. पाट्या नाहीत, यादी नाही. काय ठेवायचं आणि काय उपटायचं हे ठरवायला आधी नावं हवी होती. म्हणून दिसतील ती अ‍ॅप फोनवर घेतली आणि सगळ्यांना तीच झाडं दाखवत सुटले.

सगळ्यात जास्त वापरलं ते प्लान्टनेट. हे फ्रान्समधल्या सिराड, इनरिया वगैरे संशोधन संस्थांचं काम, फोनवर २०१३पासून आहे आणि फुकट आहे. त्याची मला आवडलेली गोष्ट म्हणजे ते एका फोटोवर थांबायला लावत नाही. एकाच झाडाचे तीन-चार फोटो एकत्र देता येतात आणि हे पान, हे फूल, हे फळ, ही साल असं प्रत्येकाला सांगता येतं. उत्तरात एक नाव येत नाही, नावांची उतरंड येते, प्रत्येकापुढे टक्के. नावावर बोट ठेवलं की लोकांनी काढलेले त्याच झाडाच्या पानांचे, फुलांचे, सालीचे फोटो निघतात. आपलं पान शेजारी धरायचं आणि ताडून बघायचं. ही शेवटची पायरी लोक गाळतात. माझ्या मते तीच खरी पायरी आहे.

ते टक्के वाचायची एक रीत आहे. पहिल्या नावापुढे ऐंशीच्या वर आकडा आणि बाकीची पार मागे, म्हणजे तपासायला एक चांगलं नाव हातात आलं. एवढंच. अ‍ॅप निवडतं ते त्याला शिकवलेल्या झाडांमधून. आपलं झाड त्यात नसेलच तर ते त्यातल्या त्यात जवळचं काहीतरी पुढे करणार. उलट दहा-दहा टक्क्यांची पाच नावं आली की लोक वैतागून फोन खिशात टाकतात. तिथे जरा थांबा. ती पाचही नावं एकाच प्रजातीतली असतील, म्हणजे शास्त्रीय नावाचा पहिला शब्द सगळीकडे सारखा असेल, तर घराणं कळलंच की. राहिला फक्त भाऊ-भाऊ ओळखण्याचा प्रश्न. पाच नावं पाच दिशांची असली तर बहुधा फोटोच वाईट आहे.

फोटोचंही सांगते. मागे गचपण असेल तर कुठलंही अ‍ॅप गोंधळतं. पानामागे तळहात धरा किंवा कोरा कागद. एक फोटो पानाच्या पाठीचा, आणि एक पान खोडाला जिथे चिकटतं त्या सांध्याचा. तो सांधा कुणीच काढत नाही आणि ओळखीच्या निम्म्या खुणा तिथेच असतात.

याचा नमुना म्हणजे आमच्या पायऱ्यांशेजारची दोन झुडपं. दोन्हींची पानं गडद हिरवी, चकचकीत, समोरासमोर आलेली. फूल एकावरही नाही. एका अ‍ॅपनं दोन्हींना अनंत म्हटलं, दुसऱ्यानं दोन्हींना तगर, आणि दोघांनी छातीठोक. मी फोटो काढतेच आहे, तेवढ्यात सासूबाई बाहेर आल्या.

“अगं, फोन ठेव जरा बाजूला. पान मोडून बघ.”

डावीकडच्या झुडपाचं पान मोडलं तर देठातून पांढराशुभ्र चीक आला. उजवीकडच्याला काहीच नाही.

“आई, याला चीक नाही.”

“मग ती तगर आणि हा अनंत. त्यात एवढं काय?”

त्यात एवढं हे, की दोघांची घराणी वेगळी. तगर कण्हेरीच्या कुळातली, आणि त्या कुळात चीक नेहमीचा. अनंत कॉफीच्या कुळातला. त्या कुळाची खूण म्हणजे समोरासमोरच्या दोन देठांच्या मध्ये खोडाला लागून एक छोटा पापुद्रा असतो. अनंताच्या शेंड्याशी डोळे नेऊन पाहिलं तर तो पातळ, खोडाला गुंडाळल्यासारखा पापुद्रा स्पष्ट दिसला. लांबून काढलेल्या फोटोत तो असणार कसा? सांध्याचा फोटो दिल्यावर मघा चुकलेल्या अ‍ॅपनंही अनंत वर आणला. तेव्हापासून फोन काढायच्या आधी मी पान मोडते, चुरगाळून वास घेते, खोड बोटांत फिरवून बघते. खोड चौकोनी लागलं, पानं समोरासमोर असली आणि वास आला, तर तुळशीच्या कुळाकडे आधी बघायचं. चीक निघाला तर हात धुवायचे, आणि धुवेपर्यंत डोळ्याला बोट लावायचं नाही.

दुसरा नमुना तणातला. वाफ्याच्या कडेनं वीतभर उंचीची नाजूक रोपं होती, लाजाळूसारख्या बारीक बारीक पानांच्या दोन रांगा असलेली. वरून फोटो काढला की शेंगवर्गातलं काहीतरी असं उत्तर यायचं. मग एक डहाळी उलटी केली. खाली मण्यांसारखी हिरवी गोल फळं ओळीनं टांगलेली, प्रत्येक पानाच्या बगलेत एक. इथेच निकाल लागतो. लाजाळूचं संयुक्त पान असतं, म्हणजे बारीक पर्णिका मिळून एकच पान, आणि त्या पर्णिकांच्या बगलेत ना कळी येते ना फळ. ज्याच्या बगलेत फळ आहे ते स्वतंत्र पान. म्हणजे मी ज्याला एक पान समजत होते ती अख्खी डहाळी होती, आणि झाड होतं भुईआवळा. उलट्या बाजूचा फोटो दिल्यावर त्याच अ‍ॅपनं भुईआवळ्याची प्रजाती पहिल्या ओळीत दिली. त्यातला नेमका कुठला, हे फोटोवरून ठरवायच्या भानगडीत मी पडले नाही. तण म्हणून काढायचं की राहू द्यायचं, एवढ्यासाठी प्रजाती पुरे.

तणांसाठी आयनॅचरलिस्ट उत्तम. अमेरिकेतल्या बर्कली विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून ते २००८मध्ये सुरू झालं. त्यात आधी यंत्र अंदाज देतं आणि मग जगभरची जाणती माणसं येऊन दुजोरा देतात किंवा खोडून काढतात. कुणीतरी कुठूनतरी “पानाच्या पाठीचा फोटो मिळेल का?” असं विचारतं तेव्हा बरं वाटतं. पण बागवाल्यांनी एक ध्यानात ठेवावं: ते मुळात आपोआप उगवणाऱ्या निसर्गाच्या नोंदींसाठी आहे. हातानं लावलेल्या झाडावर ‘लागवडीचं’ अशी खूण करावी लागते, आणि ती केली की नोंद मागच्या बाकावर जाते, फारसं कुणी बघत नाही. खूण न करता लावलेली झाडं टाकणारे आहेत, पण त्यानं दुसऱ्यांची माहिती बिघडते. म्हणून मी एकदांडी, आंबुशी, लव्हाळा असल्या आगंतुकांसाठीच ते वापरते. शोभेच्या झाडांसाठी नाही.

त्याच मंडळींचं सीक नावाचं धाकटं अ‍ॅप आहे. खातं काढावं लागत नाही, फोटो काढण्याआधीच कॅमेरा झाडावर फिरवला की वरचे ठिपके एकेक करून भरत जातात: वनस्पती, मग कुळ, मग प्रजाती, मग जाती. खात्री नसली की ते मध्येच थांबतं. कुळापर्यंत आलं आणि पुढे गेलं नाही तर नाही. माझ्या परीक्षेत ते इथेच पास झालं. घरातली मुलं हेच मागतात, कारण ठिपके भरताना बघायला मजा येते.

आणि गूगल लेन्स. ते दिसायला सारखे फोटो इंटरनेटवर शोधतं. त्यामुळे रोपवाटिकांच्या शोभिवंत वाणांना, म्हणजे चट्ट्यापट्ट्यांचे क्रोटन, दुहेरी जास्वंदी, असल्यांना ते बऱ्यापैकी लागू पडतं, कारण विकणाऱ्यांनी त्यांचे फोटो ढिगानं टाकलेले असतात. बाकीची अ‍ॅप जातीपाशी थांबतात, वाण सांगत नाहीत. लेन्समध्ये टक्के मात्र नाहीत. किती विश्वास ठेवायचा ते आपलं आपण ठरवायचं.

आता ज्यासाठी हे लिहायला घेतलं तो भाग. कुंपणाला लागून एक उंच झुडूप होतं, लांबट, टोकदार, चिवट पानांचं, फुलं नसलेलं. अ‍ॅपनं पिवळी कण्हेर आणि साधी कण्हेर अशी दोन नावं जवळजवळ सारख्या टक्क्यांनी दिली. फांदीवर पाहिलं तर पानं तीन-तीनच्या फेऱ्यात, म्हणजे कण्हेर. पिवळीची पानं एकेक करून फांदीभोवती चढत जातात. पण इथे दोन्हींचं उत्तर व्यवहारात एकच आहे: दोन्ही झाडं मुळापासून बियांपर्यंत विषारी, थेट हृदयावर परिणाम करणारी. छाटताना हातमोजे घाला, छाटलेलं जाळू नका, धूरही वाईट. घरात रांगतं मूल किंवा काहीही चघळणारा कुत्रा असेल तर नाव नक्की होईपर्यंत त्या झाडाला विषारी धरूनच चाला. अ‍ॅपचे नव्वद टक्के फोटोची वही भरायला ठीक आहेत, पाला चाखून बघायला नाहीत. कुठलंही पान, फळ, कंद अ‍ॅपच्या भरवशावर तोंडात घालू नका, काढा तर मुळीच करू नका. त्या झाडाला हात लावलेला माणूस, बागकाम करणारा किंवा वनस्पतिशास्त्र शिकवणारा, समोर उभा करून विचारा.

गाजरगवताचं वेगळं. ते लहानपणी जमिनीलगत चक्रासारखं पसरलेलं असतं, फुलाशिवाय पटकन लक्षात येत नाही, आणि अनेकांच्या कातडीला त्यानं खाज सुटते. फुलं येण्याआधी, हातमोजे घालून, मुळासकट.

कुठलंच अ‍ॅप जे ओळखू शकत नाही ते म्हणजे जमिनीखाली झोपलेलं झाड. मागचा एक वाफा पूर्ण रिकामा दिसत होता आणि तिथे खणायचं ठरलंही होतं. सासूबाईंनी अडवलं म्हणून राहिलं. पुढे त्याच मातीतून थेट फूल वर आलं, पान नाही, देठाचा पत्ता नाही, पांढऱ्या-जांभळ्या पाकळ्या मातीला टेकलेल्या: भुईचाफा. पानं नंतर आली. नव्या बागेत सगळे ऋतू एकदा फिरून जाईपर्यंत खोल खणू नये, हे मी आता दुसऱ्यांना सांगत सुटले आहे.

नोंदी ठेवायला अ‍ॅपमधला नकाशा बागेत निरुपयोगी. फोनचं जीपीएस काही मीटर इकडेतिकडे होतं, आणि तेवढ्यात माझी तगर शेजाऱ्यांच्या अंगणात जाते. मी चपट्या काड्यांवर पेन्सिलीनं आकडे लिहून झाडाशी खोचल्या आणि फोटोत काडी येईल असं पाहिलं. पेन्सिलच वापरा. बॉलपेनची शाई ऊन-पावसात उडते, शिसं टिकतं.

एका सशुल्क अ‍ॅपबद्दल नाव न घेता सांगते. ओळख वाईट नव्हती. पण प्रत्येक उत्तराखाली झाडाला कसला तरी रोग झाल्याची लाल पाटी, आणि उपाय बघायचा तर वर्गणी. जुनं खालचं पान पिवळं पडलं तरी रोग. झाडं जुनी पानं टाकतात, त्यात आजार कसला? शिवाय माझ्या परीक्षेत ते सपशेल नापास झालं. कुंपणावरच्या एका वेलीला ते तीन फोटोंत तीन नावं देऊन मोकळं झालं, आणि तिन्ही वेळा नाव एकच, टक्के नाहीत, शंका नाही. ती वेल प्लान्टनेटमध्येही अजून वीस टक्क्यांच्या वर गेलेली नाही. पण निदान ते तसं सांगतं. फूल येईपर्यंत वेल ठेवली आहे.

तर तारे असे: प्लान्टनेट पाचात साडेचार, सीक चार, आयनॅचरलिस्ट तणांसाठी पाच आणि शोभेच्या झाडांसाठी दोन, लेन्स तीन. सशुल्क अ‍ॅपला एक, तोही त्यातले फोटो सुरेख होते म्हणून. आणि असलं एखादं अ‍ॅप फुकट चाचणी म्हणून घेतलं असेल तर ते फोनवरून काढून टाकल्यानं वर्गणी थांबत नाही. अ‍ॅप स्टोअरमध्ये आपल्या खात्यातल्या ‘सबस्क्रिप्शन’मध्ये जाऊन ती वेगळी रद्द करावी लागते, आणि चाचणीची मुदत संपायच्या आधी.