गुराब-गलबत की युरोपीय युद्धनौका?

अठराव्या शतकात कोकण किनाऱ्यावर मराठा आरमारप्रमुख आंग्र्यांची गुराबे-गलबते ही लढाऊ जहाजे आणि इंग्रजांच्या उंच युद्धनौका यांची गाठ पडत असे, तेव्हा दोन निरनिराळ्या युद्धकल्पना समोरासमोर येत. गुराब रुंद आणि उथळ बांधणीचे असे. दोन डोलकाठ्यांचे गुराब सुमारे 150 टनांचे, तर तीन डोलकाठ्यांचे 300 टनांपर्यंत असे. त्याच्या पुढे निघालेल्या नाळेवरून, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकावरून, नऊ ते बारा पौंडी गोळ्यांच्या दोन तोफा थेट समोर मारा करीत. गलबत त्याहून लहान, क्वचितच सत्तर टनांपलीकडचे, पण त्याला चाळीस-पन्नास वल्ही असत आणि माझ्या मते खरी ताकद तिथेच होती. वारा पडला की शिडांवर विसंबलेले परके जहाज जागीच खिळे. अशा वेळी गलबते गुराबांना ओढत त्याच्या पिछाडीला नेत, कारण तिथे तोफा सर्वांत कमी असत.

युरोपीय युद्धनौकेचे बळ तिच्या दोन्ही कुशींत, म्हणजे दोन्ही बाजूंच्या तोफांच्या रांगांत होते. साठांहून अधिक तोफा आणि जाड लाकडी भिंती असलेल्या या नौकेसमोर खुल्या समुद्रात, भरल्या वाऱ्यात गुराब टिकणे कठीण होते. उथळ खाडीत मात्र तिला शिरता येत नसे.

फेब्रुवारी 1756 मध्ये इंग्रज ॲडमिरल वॉटसनच्या आरमाराने विजयदुर्गावर हल्ला केला, तेव्हा तुळाजी आंग्रे यांचे आरमार बंदरातच एकमेकांना बांधून उभे होते. तोफगोळ्याने एका जहाजाला लागलेली आग सर्वत्र पसरली आणि वल्ह्यांचा वेग वापरण्याची संधीच उरली नाही.