गिरणी की घरघंटी? भाकरी खाणाऱ्या घरासाठी

दळण गिरणीत न्यायचं की घरघंटी घ्यायची, या विचारात असाल तर दोन्ही वापरून पाहिलेल्या माणसाचं मत सांगतो.

पिशवीतलं तयार पीठ मी यात धरत नाही. 1870 च्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेतल्या मिनिआपोलिसच्या गिरण्यांनी दगड काढून पोलादी रोलर बसवले. रोलरमध्ये कोंडा आणि अंकुर (दाण्याचा कोंब फुटणारा भाग) वेगळे निघतात. अंकुरातलं तेल गेलं की पीठ लवकर खवट होत नाही, लांब पाठवता येतं, म्हणून त्यावर नाव छापून जाहिरातही करता आली. 1880 साली सिनसिनाटीच्या प्रदर्शनात मिनिआपोलिसचे गिरणीमालक वॉशबर्न यांच्या पिठाला सुवर्णपदक मिळालं. त्या पिठाचं ‘गोल्ड मेडल’ हे नाव तिथूनच आलं. आपण दळून आणतो त्या पिठात अंकुर राहतो. चव त्यामुळेच, आणि न टिकणंही.

गव्हाच्या बाबतीत मी गिरणीकडेच झुकेन. टाकी नीट लावलेल्या (छिन्नीने टाचलेल्या) दगडातलं पीठ मऊ येतं, पोळी दुपारीही लुसलुशीत राहते. बहुतेक घरघंट्यांत दगड नसतो. पोलादी पाती दाणा फोडतात आणि जाळीतून पीठ पडतं. माझ्या हाताला ते किंचित कोरडं लागतं. इतरांचा अनुभव वेगळा असू शकेल.

पण आमच्याकडे रोज ज्वारीची भाकरी. गिरणीत किलोभर ज्वारी नेली तर तिच्यात आधीच्या माणसाचा गहू उतरतो, म्हणून गिरणीवाले काका म्हणायचे, निदान पाच किलो आणा. पाच किलो पीठ संपेपर्यंत त्याची विरी, म्हणजे चिकटपणा, जाते. उंडा कितीही मळा, थापताना कडा फाटतात, परातीतून उचलताना भाकरी मधोमध तुटते. मग गरम पाण्याने उकड काढून निभवायचं. बाजरीचं तर आणखी वाईट, ती कडूच होते. या एका त्रासापायी घरघंटी आली. आता दोन-तीन दिवसांपुरतीच ज्वारी दळतो आणि भाकरी टम्म फुगते.

आवाज आहे, पीठ उडतं, कप्पा ब्रशने झाडावा लागतो. हे सगळं मला चालतं. तुमच्याकडे फक्त पोळ्या होत असतील तर कदाचित एवढा खर्च करू नये.

घ्यायचीच ठरली तर दुकानात जाळी स्वतः काढून, परत बसवून बघा. ती अडकत असेल तर दुसरं मशीन बघा; ज्वारीची जाळी आणि बेसनाची जाळी सारखी बदलावी लागते.