टेक्निकल रायटरने कुठल्या मीटिंगला जावं?

सॉफ्टवेअर किंवा यंत्रं कशी वापरायची हे लिहिणाऱ्या टेक्निकल रायटरला कंपनी वर्षातून एखाद्याच कॉन्फरन्सला पैसे देते, काही ठिकाणी तेही नाही. त्यामुळे यादी चाळण्याआधी आपलं घोडं कुठे अडलंय ते बघावं.

एपीआयचं, म्हणजे प्रोग्रॅमनी एकमेकांशी बोलायच्या दुव्याचं, डॉक्युमेंटेशन लिहिता, मार्कडाउन या साध्या खुणांच्या पद्धतीतली पानं गिट या बदलांची नोंद ठेवणाऱ्या टूलमध्ये ठेवून डेव्हलपरकडे रिव्ह्यूला पाठवता, तर 'राइट द डॉक्स' तुमच्या कामाची. २०१३ साली अमेरिकेतल्या पोर्टलंडमध्ये सुरू झालेल्या या परिषदेला रायटरांबरोबर डेव्हलपर आणि सपोर्टवालेही येतात. भाषणांचे व्हिडिओ नंतर यूट्यूबवर फुकट मिळतात, तेव्हा नुसती भाषणं ऐकायला तिकीट काढू नका. खरा माल 'रायटिंग डे' आणि अनकॉन्फरन्समध्ये असतो. पहिल्यात लॅपटॉप उघडून एखाद्या प्रकल्पाच्या डॉक्युमेंटेशनवर सगळे मिळून काम करतात, दुसऱ्यात विषय आयत्या वेळी ठरतो आणि ज्यांना तो भिडतो ते टेबलाभोवती जमतात.

जर्मनीतल्या टेकोम या व्यावसायिक संघटनेची श्टुटगार्टची परिषद वेगळ्या वळणाची. तिथे डिटा (मजकूर तुकड्यांत लिहून पुन्हा पुन्हा वापरायची पद्धत), भाषांतराची व्यवस्था, मानकं, यंत्रांच्या सूचनापुस्तिका असे विषय आणि टूल विकणाऱ्यांचे स्टॉल. वीस भाषांत मजकूर काढणाऱ्या कंपनीला नवं टूल निवडायचं असेल, तर तिथे माणूस पाठवणं वसूल होतं. स्टार्टअपमधल्या एकट्या रायटरला मात्र यातलं निम्मं गैरलागू.

शहरातला मीटअप बहुधा फुकट असतो, पण सगळी भिस्त आयोजकावर. एखादी संध्याकाळ टूलच्या जाहिरातीतच संपते. चांगल्या मीटअपमध्ये काय होतं? कुणी आपलं एरर कोडचं पान पडद्यावर लावतं. तिथे ४०१ आणि ४०३, दोन्हींपुढे 'प्रवेश नाकारला' एवढंच. मागून एखादा डेव्हलपर विचारतो, टोकन, म्हणजे प्रवेशाची डिजिटल चिठ्ठी, पुन्हा घ्यायचं की अ‍ॅडमिनकडे परवानगी मागायची, हे वाचणाऱ्याला कळणार कसं? ४०१ मध्ये ओळखच पटलेली नसते, ४०३ मध्ये ओळख पटूनही हक्क नसतो. पान तिथल्या तिथे सुधारतं. माझ्या लेखी अशी दहा मिनिटं दिवसभराच्या स्लाइड्सना भारी.

कंपनीतली अंतर्गत बैठक यात आणखी पुढे जाऊ शकते, कारण अजून बाहेर न आलेल्या फीचरचं पानही बिनधास्त उघडता येतं. पण मॅनेजरने स्टेटस विचारायला सुरुवात केली की ती गेली कामातून. शिवाय तीच चार डोकी, तोच स्टाइल गाइडवरचा, म्हणजे लिहिण्याच्या नियमांवरचा, वाद.

व्यावसायिक संघटनेच्या सभासदत्वाच्या भरवशावर तर फार राहूच नका. अमेरिकेतली जुनीजाणती 'सोसायटी फॉर टेक्निकल कम्युनिकेशन' जानेवारी २०२५ मध्ये बंद झाली.

नवख्याने आधी मीटअपच धरावा, आणि जाताना स्वतःचं एक अडलेलं पान बरोबर न्यावं. दोन-तीन वर्षं मुरलेल्याने राइट द डॉक्सला जावं, तेही रायटिंग डे चुकणार नाही अशा बेताने. टीम लीड असाल, तर कॉन्फरन्सचा अर्ज टाकण्याआधी अंतर्गत बैठकीतून स्टेटस हद्दपार करा, त्याला मंजुरीही लागत नाही.